पासष्ट अंशांनंतरची ओळ

टोकरखाडा, सिल्वासा
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

कावेरी,

तुझा पत्ता तुझ्या आईकडून मिळवला. कमळाबाई सहजासहजी देत नव्हत्या. खडोलीच्या चाळीत मी दारात उभी, त्या गॅसपाशी, आणि मध्ये तुझे वडील झिपरूभाऊ मिलच्या पाळीवरून येऊन आडवे झालेले, त्यामुळे आमचं सगळं बोलणं कुजबुजत चाललं होतं. मी तुझ्या गुणपत्रिकांचं नाव काढलं तेव्हा कुठे त्यांनी शहाद्याजवळच्या तुझ्या मामांच्या गावाचं नाव सांगितलं.

बहाणा नाही, खरंच राहिल्या आहेत. बी.एस्सी.ची पूर्ण फाइल इथे माझ्या घरी, तुझ्या कपाटात आहे. त्याशिवाय दुसरीकडे अर्ज कसा करशील? शिवाय एक स्वेटर आणि कळण्याच्या पिठाचा डबा, ज्यात आता किडे झाले असतील. तो मी उघडणार नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस. ठीक आहे. राग असेल तर असू दे, मी काही राग काढायला लिहीत नाही. ऑगस्टबद्दल मात्र एकदाच लिहिते, म्हणजे विषय संपेल. आरएनएची नक्कल करायच्या आपल्या नव्या किटवर तू लॅबमध्ये अकरा वेळा काम केलंस आणि अकराही वेळा निकाल बिघडला. पदार्थ तेच, मशीन तेच. माझ्या हातून निकालाचा पट्टा स्वच्छ उमटायचा आणि तुझ्या हातून कधी पुसट, कधी नाहीच. आरएनए किती नाजूक असतो हे मीच तुला शिकवलं. आपल्या घामात, थुंकीत, बोटांच्या टोकांवर त्याला फस्त करणारं एन्झाइम असतं. मग मी काय लिहायला हवं होतं? मला दिसलं ते लिहिलं: ‘तंत्रज्ञाच्या हाताळणीतून नमुना दूषित.’ त्या एका ओळीवर प्लांट बघणाऱ्या प्रकाश सरांनी तुला काढलं. त्यांनी काढलं, मी नाही. माझ्या जागी कुणीही असतं तरी हेच लिहिलं असतं.

झालं. संपला विषय.

काल वापीहून काही पाहुणे किट बघायला आले होते. त्यांना मी नेहमीचं वाक्य ऐकवलं. तुला आठवत असेल, पहिल्या आठवड्यात तू विचारलं होतंस, ‘ताई, हे किटमधलं एन्झाइम करतं तरी काय?’ मी सांगितलं की पेशीतला निरोप आरएनएच्या रूपात असतो आणि तो फार टिकत नाही. आपलं एन्झाइम त्याची डीएनएमध्ये नक्कल करून ठेवतं, ती टिकते. तू म्हणालीस, ‘म्हणजे तोंडी निरोप वहीत उतरवून घ्यायचा.’ तेव्हापासून तीन वर्षं मी तेच वाक्य लोकांना सांगते, माझं म्हणून. काल सांगताना जीभ जरा अडखळली.

सोमवार ते शुक्रवार तू इथे असायचीस, कारण खडोलीच्या एका खोलीत पाळीने झोपणाऱ्या माणसांत तुला अभ्यासाला जागा नव्हती. शुक्रवारी तू बॅग उचललीस की मला हायसं वाटायचं. दोन दिवस टीव्ही माझा. आता सगळा आठवडा शुक्रवारच आहे.

गुणपत्रिका रजिस्टरने पाठवू ना? एवढं तरी कळव.

मेधा

\*

टोकरखाडा
रविवार, १ डिसेंबर २०२४

कावेरी,

तू काही कळवलं नाहीस, म्हणून पाठवूनच दिल्या. पोचपावती आली. सही तुझी आहे. तो ‘क’ तू अजून तसाच काढतेस, पोट सुटलेला. पावती मी फ्रीजवर लावली आहे, हसू नकोस.

तुझ्या जागेवर निखिल आला. नाशिकचा, माझ्या गावचा, पुण्याहून एम.एस्सी. करून आलाय. हुशार आहे, नम्र आहे, वेळेवर येतो, वेळेवर जातो. मी काहीही म्हटलं की ‘येस मॅडम’. तीन आठवड्यांत एकदाही माझ्याशी वाद घातला नाही. वैताग आलाय मला.

गेल्या आठवड्यात आम्ही तपमानांची माळ लावली, तुला करायची होती तीच. बेचाळीस अंशांपासून पंचावन्नपर्यंत. बाकी सगळं तेच ठेवायचं आणि फक्त तपमान बदलत जायचं. बेचाळीसला नक्कल होते, पण लांब निरोप अर्ध्यातच सुटतो. पंचावन्नला आपलं एन्झाइमच माना टाकतं. पन्नासला मात्र पट्टा असा उमटला म्हणून सांगू! मग मॅग्नेशियम कमी-जास्त करून पाहिलं, आणखी सुधारला. मी मान न वळवता म्हणाले, ‘कावेरी, ये गं, बघ.’ मागे निखिल होता. तो पुढे आला आणि बघून म्हणाला, ‘येस मॅडम, छान आलंय.’

त्याच्या हातून एकदाही बिघडलं नाही. तपमान सोडलं तर कृतीचा कागद तोच, तुला दिला होता तोच. म्हणजे ऑगस्टमध्ये मी लिहिलं ते उगाच नव्हतं, एवढंच म्हणायचं आहे. किट आता बाजारात गेलं. वापीच्या लॅबने पहिली खेप घेतली.

मागच्या रविवारी दुधनीला तलावावर जाऊन आले. एकटीच. पाणी खूप वर आहे. नागलीची भाकरी देणाऱ्या केसरबाईंनी विचारलं, ‘तुमची पोरगी नाय आली?’ मी म्हटलं, गावाला गेलीय. तुझी-माझी मुलगी-आई अशी गाठ त्यांनी कधी घातली कुणास ठाऊक. मी खोडून काढलं नाही. होडीत मात्र बसले नाही. तू नसलीस तर मला पाण्याची भीती वाटते, हे तुझ्यासमोर कधीच कबूल केलं नसतं.

आणखी एक. न्हाणीतला साबण आता महिनाभर पुरतो. ऑगस्टमध्ये तो चार दिवसांत संपायचा आणि मी तुझ्यावर डाफरले होते. तू हात धूत असायचीस. लॅबमधून आल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर, मधेच उठून. बोटांची टोकं फुटली होती. मी मलम आणून दिलं, आणि वर बजावलं की मलमाचे हात घेऊन लॅबमध्ये यायचं नाही.

आता बोटं कशी आहेत?

मेधा

\*

टोकरखाडा
रविवार, १९ जानेवारी २०२५

कावेरी,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. आधीची दोन फाडून टाकलीस तरी चालेल.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी वापीच्या लॅबमधून तक्रार आली. नवं किट नीट चालत नाही. पट्टा कधी अर्धवट, कधी गायब. मी तावातावाने गेले. मनात म्हटलं, यांच्याकडेही कुणीतरी हात न धुता काम करतंय. तिथे पूजा नावाची मुलगी हे काम करते, पालघरकडची. मी म्हटलं, माझ्यासमोर कर. स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले.

हातमोजे नवे, टेबल पुसलेलं, बोलणं बंद. नाव ठेवायला जागा नाही. तिने नमुने पासष्ट अंशांवर पाच मिनिटं ठेवले. बाहेर काढले. आणि स्टँडवर ठेवून दिले. मग शांतपणे फ्रीजरमधून आपल्या किटचा डबा काढला, एकेक नळी वितळू दिली, हिशेबाने मिश्रण केलं. सात-आठ मिनिटं गेली असतील. नमुने बिचारे टेबलावर गार होत होते.

मी ओरडलेच. ‘अगं, बर्फावर ठेव की ते!’

ती दचकली. म्हणाली, ‘मॅडम, तुमच्या कागदात आहे तसंच करते. एक पण स्टेप सोडत नाय मी. बर्फ कुठं लिवलाय?’

मी कागद हातात घेतला. माझाच कागद, तुला दिलेला, फक्त आता छापलेला. ‘पासष्ट अंश, पाच मिनिटे.’ आणि पुढची ओळ, ‘मिश्रण घाला.’ मधे काही नाही. बर्फाचा ब नाही.

तुला हे समजावून सांगायला हवं, कारण मी कधी सांगितलंच नाही. आरएनएचा धागा स्वतःभोवतीच गुंतून बसतो. पासष्ट अंशांना तो गुंता सुटतो. लगेच बर्फात घातला तर सुटलेला राहतो. टेबलावर हळूहळू गार होऊ दिला की पुन्हा गाठी बसतात, आणि एन्झाइम पहिल्या मोठ्या गाठीपाशी अडतं. जुन्या किटचे निरोप छोटे होते, त्यांना फारशा गाठी बसायच्या नाहीत, म्हणून आधी तुझं काही बिघडलं नाही. नव्या किटचा लांब आहे. पन्नास अंशांनी थोडं सावरून घेतलं, पुरतं नाही.

मी वीस वर्षं नमुने बर्फावर ठेवतेय. हात आपोआप जातो. म्हणून लिहायचं सुचलंच नाही. परत आल्यावर निखिलला विचारलं, ‘तू बर्फावर का ठेवतोस?’ तो म्हणाला, ‘ठेवतातच ना मॅडम.’ ‘कागदावर कुठाय?’ त्याने कागद उलटापालटा करून पाहिला. ‘नाहीये खरं,’ म्हणाला. त्याला पुण्यात कुणीतरी करताना दाखवलं होतं. तुझ्या कॉलेजात असलं मशीनच नव्हतं. तुला कोण दाखवणार होतं? मीच.

आणि तू स्वतःहून ठेवलं असतंस तर? तेही मीच बंद केलं होतं. पहिल्याच महिन्यात तू एकदा स्वतःच्या मनाने मिश्रण जरा जास्त ढवळलंस आणि मी सगळ्यांसमोर सुनावलं, ‘कागदावर आहे तेवढंच करायचं. चवीपुरतं मीठ तुमच्या स्वयंपाकघरात.’ त्यानंतर तू एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाहीस. माझ्या कागदाला माझ्यापेक्षा तू जास्त जागलीस, आणि त्याचीच शिक्षा भोगलीस.

थांब, अजून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठा फ्रीजर उघडला. प्रत्येक वेळी उरलेला आरएनए तू नाव-तारीख घालून ठेवला होतास, अकराच्या अकरा नळ्या. हात लागून आरएनए खराब झाला असता तर तो तुटलेला दिसायला हवा. जेलवर टाकून विजेने पळवला की लहान-मोठे तुकडे वेगळे होतात, तासाभरात कळतं. पाया आहे हा आमच्या कामाचा. कुणावर बोट दाखवण्याआधी करायचं पहिलं काम. ऑगस्टमध्ये मी ते केलं नव्हतं. वेळ नव्हता म्हणून नाही. गरजच वाटली नाही.

परवा केलं. न तुटलेल्या आरएनएचे दोन ठळक पट्टे, अकराही नमुन्यांत. इतके स्वच्छ की शिकवायला वापरावेत. पाच महिन्यांनंतरही तुझ्या हातचा आरएनए शाबूत आहे.

तुझे हात स्वच्छ होते, कावेरी. पहिल्यापासून.

मी लॅबमध्ये रडले. निखिलने दार ओढून घेतलं. बरा मुलगा आहे.

मेधा

\*

टोकरखाडा
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

कावेरी,

तुझं उत्तर नाही. मागायचा हक्कही नाही, तरी रोज खाली पेटी बघते.

प्रकाश सरांकडे गेले. ते म्हणाले, ‘मेधा, कागदात एक ओळ वाढवा आणि वापीला नवा कागद पाठवा. झालं. जुनं कशाला उकरून काढता?’ मी म्हटलं, त्या जुन्यावर माझी सही आहे आणि एका मुलीची नोकरी गेली आहे. ते म्हणाले, ‘ती गेली ना आता? कुणी विचारलंय का?’ कुणीच विचारलं नव्हतं, हे खरं. इतक्या सहज तू गेलीस आणि कुणी विचारलं नाही, हेच मला टोचत होतं.

मी नवा अहवाल लिहिला. ‘दोष लेखी पद्धतीत होता. पद्धत मी लिहिली होती. तंत्रज्ञ कावेरी यांनी ती तंतोतंत पाळली. त्यांच्या हाताळणीत कोणताही दोष आढळला नाही.’ खाली जेलचं छायाचित्र, खाली माझी सही. जुना अहवाल ज्या सहा जणांना गेला होता, त्या सहाही जणांना पाठवला. तुझ्या अनुभव-प्रमाणपत्रावरचा तो शेरा काढून नवं प्रमाणपत्र करवून घेतलं. ते याच पाकिटात आहे, घडी घातली नाही, पुठ्ठा लावलाय.

त्या अहवालामुळे बाजारात गेलेली सगळी किटं परत मागवावी लागली. ठपका माझ्यावर, म्हणून या महिन्यापासून विभाग निखिल बघतो आणि मी त्याच्या हाताखाली. खरं सांगू? पहिले दोन दिवस मान वर होत नव्हती. मग सवय झाली. तो अजून ‘येस मॅडम’ म्हणतो, आता मीही गमतीने ‘येस सर’ म्हणते, आणि तो लाजतो.

अहवालाची एक प्रत घेऊन खडोलीला गेले. कमळाबाईंना सगळं सांगितलं, बर्फापासून जेलपर्यंत. त्यांनी कागद हातात घेतला नाही. भाकरी थापायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘मॅडम, मनी पोर तठे जाईसन भाकरी थापाले बसे ना. म्हने, माय, मना हात खराब शेतस.’

तुझ्याबरोबर राहून मला तुमची अहिराणी कळते. त्या क्षणी कळली नसती तर बरं, असं वाटलं. मला वाटत होतं मी तुझी नोकरी घालवली. तू तिकडे जाऊन ‘माझे हात खराब आहेत’ म्हणत भाकरीच्या पिठालाही हात लावत नव्हतीस, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, हा कागद तिला दाखवा. त्या म्हणाल्या, ‘माले वाचता येत नही. तुमीच तिले सांगा.’ मग मला बसा म्हणाल्या आणि ताटात भाकरी वाढली. मी खाल्ली. सगळी.

तुझी खूप आठवण येते. पहिल्याच पत्रात लिहायचं होतं. तेव्हा मी पिठाच्या डब्याबद्दल लिहिलं.

मेधा

\*

टोकरखाडा
रविवार, ९ मार्च २०२५

कावेरी,

तुझा फोन आला तेव्हा मी बाजारात होते. भाजीवाल्याच्या गाडीशेजारी उभी राहूनच बोलले, बाजूला व्हायचंही सुचलं नाही. त्याने दोनदा विचारलं, ‘बेन, वांगी किती देऊ?’ मी मानेनेच हो हो करत राहिले, आणि घरी आले तर पिशवीत अडीच किलो वांगी.

तुझा आवाज जाड झालाय जरा. बरा वाटला. शहाद्याला डॉक्टरबाईंच्या लॅबमध्ये रक्त घेतेस, दिवसाला चाळीस माणसं, आणि तान्ह्या बाळांसाठी तुलाच हाक मारतात, हे तू सहज बोलून गेलीस. मला मात्र तिथेच रस्त्यात हसू आणि रडू एकदम आलं. प्रमाणपत्र पोचलं, बाईंना दाखवलंस, हेही कळलं. ‘ताई’ म्हणालीस. ‘मॅडम’ म्हणशील या भीतीने मी श्वास धरून होते.

परत येणार नाही म्हणालीस. मी ‘का’ विचारलं नाही. तुझी खोली मी तशीच ठेवली होती. आता तिथे उन्हाळ्याची वाळवणं घालीन म्हणते. घालीन की नाही माहीत नाही.

मग ठेवता ठेवता तू विचारलंस, ‘ताई, एकच सांगा. वापीच्या त्या मुलीजवळ तुम्ही स्टूल घेऊन बसल्या. माझ्याजवळ एकदापण का नाही बसल्या?’

मी म्हटलं, लिहून कळवते. तू ‘बरं’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्याला आठ दिवस झाले. या आठ दिवसांत मी चार उत्तरं लिहून फाडली. कामाचा रेटा होता, हे पहिलं. विश्वास होता म्हणून बघितलं नाही, हे दुसरं. ते तर वाचून माझीच मला शरम वाटली. उरलेली दोन सांगत नाही.

खरं उत्तर असं आहे. अहवालात मी बर्फ लिहिला. प्रकाश सरांना बर्फ सांगितला, तुझ्या आईलाही बर्फच सांगितला. पण बर्फाची चूक कुणाकडूनही होते. दुसरी होती ती फक्त माझी. ती कुठल्याच अहवालात नाही, आणि ती मी कुणाला सांगितलेली नाही.

तीन वर्षं तू माझ्या घरात राहिलीस, माझ्या ताटाशेजारी तुझं ताट होतं. मला वाटायचं, बघा, मी जातपात काही मानत नाही. चाळीतून आलेल्या मुलीला घरात घेतलं, शिकवलं, असं मी बहिणीला फोनवर सांगायचे. ‘घेतलं’ म्हणायचे. आणि पहिला निकाल बिघडला त्याच दिवशी मला आतून खात्री होती की कारण काय असणार. मला शोधायचंच नव्हतं. मला ते ठाऊक होतं.

निखिलचा निकाल बिघडला असता तर मी आधी कागद तपासला असता. तुझा बिघडला तेव्हा मी तुझे हात तपासले.

म्हणून नाही बसले तुझ्याजवळ.

आता हे तुझ्याकडे आहे. वाचून तुला पुन्हा ‘ताई’ म्हणावंसं वाटलं नाही तर नको म्हणूस. मी समजेन.

मेधा